नव्या इंजिनाचं नाक

मंडळी, गेल्या हिवाळ्यात मी एका साठी ओलांडलेल्या जीपचं इंजिन बदललं. 'मी बदललं' म्हणणं जरा धाडसाचंच आहे. खरं काम केलं ते आमच्या शेजारीबुवांनी. आयुष्यभर ट्रक दुरुस्त करून निवृत्त झालेला माणूस, वय पंचाहत्तरच्या पुढे. मी पाने उचलून देणं, दिवा धरणं आणि मधूनमधून 'हे असं का?' विचारणं एवढी कामं केली. तरी बिल माझ्या नावावर, म्हणून मी बदललं.

गाडी १९६४ची सीजे-५ जीप. तिचं मूळचं इंजिन २.२ लिटरचं, चार सिलिंडरचं, चढावर सायकलवाल्याला 'तू हो पुढे' म्हणणारं. त्या जागी आम्ही एका भंगारात निघालेल्या पिकअप ट्रकमधलं ४.३ लिटरचं व्ही-६ बसवलं. तीन शनिवार गेले. तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी ते सुरू झालं आणि मी गॅरेजमध्ये अक्षरशः नाचलो. सौ. आतून नारळ घेऊन आली. आणि मग आम्ही बॉनेट लावायला गेलो.

लागेना!

नव्या इंजिनाच्या डोक्यावर त्याच्या मूळ गाडीत एक मोठी गोल तबकडी असायची. तिच्यात एअर फिल्टर. पिकअपच्या ऐसपैस बॉनेटखाली ती सुखाने नांदत होती, जीपच्या बॉनेटखाली तिला चार बोटंही जागा नव्हती. मी म्हणालो, "बाजारात चपटे, छोटे, चकचकीत फिल्टर मिळतात. आणू एखादा." शेजारीबुवांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी नवरदेवाला लंगोटीवर बोहल्यावर चढवा म्हटलं होतं. म्हणाले, "इंजिन बसवायला तीन शनिवार लागले. नाक बसवायला त्याहून जास्त लागतील." नारळ पुन्हा आत गेला.

तेव्हा मला ती अतिशयोक्ती वाटली. पण पुढचे काही आठवडे मी या 'नाका'चा इतिहास खोदत बसलो, आणि त्या खोदकामात चाळीस वर्षांपूर्वीची, आमच्या घरातलीच एक गोष्ट वर आली. ती शेवटी सांगतो. आधी थोडी हवा.

इंजिन पेट्रोलवर चालतं असं आपण म्हणतो. वजनाने पाहिलं तर ते मुख्यतः हवेवर चालतं. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. म्हणजे एका लिटर पेट्रोलमागे सुमारे नऊ हजार लिटर हवा, एक लहानसं न्हाणीघर भरेल एवढी. चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकारमानाइतकी हवा ओढतं. जीपचं जुनं इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर फार तर ३,३०० लिटर हवा ओढायचं. नवं त्याच फेऱ्यांवर ६,४५० लिटरपर्यंत ओढू शकतं. म्हणजे इंजिन बदललं की पहिली गोष्ट ही लक्षात घ्यायची, की जुनं नाक आता पुरणार नाही. माणूस मोठा आणि नाकपुड्या बाळाच्या, असं होतं.

आणि या हवेत धूळ असते. धुळीतला सर्वांत वाईट घटक म्हणजे क्वार्ट्झ, आपली वाळू. इंजिनाच्या लोखंडाहून ती कठीण. सिलिंडरची भिंत आणि पिस्टनची रिंग यांच्यामध्ये तेलाचा जो पदर असतो, त्याची जाडी काही मायक्रॉनच. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. म्हणजे डोळ्यांना न दिसणारे पाच-दहा-वीस मायक्रॉनचे कण त्या पदरात शिरतात आणि पॉलिश पेपरसारखे दोन्ही बाजू घासत राहतात. मोठा खडा परवडला, तो निदान आवाज तरी करतो.

आता गंमत पाहा. मोटारगाडी जन्माला आली १८८५-८६च्या सुमारास, पण पुढची दोन-तीन दशकं बहुतेक गाड्यांना धड एअर फिल्टरच नव्हता. कार्ब्युरेटरचं तोंड सताड उघडं. रस्ते धुळीचे, पण वेग कमी आणि इंजिन वारंवार उघडून दुरुस्त करायचंच असतं अशी सगळ्यांची समजूत. इंजिन झिजलं तर कोणी हवेला दोष देत नसे. दोष तेलाचा, पोलादाचा, ड्रायव्हरचा.

हा समज प्रथम मोडला तो शेतावर. ट्रॅक्टर दिवसभर स्वतःच उडवलेल्या धुळीत चालतो. १९१५ साली मिनेसोटातल्या एका ट्रॅक्टर कंपनीचा विक्रेता, फ्रँक डोनाल्डसन, युटामधल्या एका गिऱ्हाइकाची तक्रार बघायला गेला. त्या शेतकऱ्याचं इंजिन पुन्हा पुन्हा खलास होत होतं. डोनाल्डसनने पाहिलं, की यंत्र ठीक आहे, ते धूळ खातंय. त्याने तारेचा पिंजरा केला, त्यावर कापड गुंडाळलं आणि तो एका नळीवर उंच बसवला. इंजिन टिकलं. आणि डोनाल्डसनची नोकरी गेली! आपल्या ट्रॅक्टरला असं काही लावावं लागतं म्हणजे ट्रॅक्टरमध्ये खोट आहे अशी कबुलीच झाली, असं मालकांना वाटलं, असं त्याच्या कंपनीच्या इतिहासात सांगतात. त्याने मग स्वतःचा धंदा काढला. तो आजही चालू आहे आणि जगभर फिल्टर विकतो.

या गोष्टीतल्या दोन बाबी मला महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे नळी उंच नेली. धूळ जमिनीजवळ दाट असते, वर विरळ. शंभर वर्षांनंतरही ट्रॅक्टरचं आणि मोठ्या ट्रकचं नाक उंच असतं ते याचसाठी. दुसरी बाब म्हणजे दोष हवेचा आहे हे सांगणं कोणालाच परवडत नव्हतं. ही दुसरी बाब जरा ध्यानात ठेवा.

पुढचा टप्पा तेलाच्या भांड्याचा, म्हणजे ऑईल बाथ एअर क्लीनरचा. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांनी जुन्या जीपमध्ये किंवा ट्रॅक्टरवर तो काळा डबा पाहिलेला असेल. हवा हुक्क्यासारखी तेलातून बुडबुडे काढत जाते असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. हवा वेगाने खाली येते आणि तेलाच्या पृष्ठभागाजवळ एकदम उलटी वळते. हवेला वळता येतं, जड धुळीला वळता येत नाही, ती सरळ तेलात जाऊन पडते. उरलेली बारीक धूळ वरच्या तेलकट जाळीला चिकटते. हवा जोरात असली की हा डबा छान काम करतो. इंजिन मंद चालू असताना मात्र हवेला जोर नसतो आणि बरीच बारीक धूळ निसटते.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला, म्हणजे १९४१च्या एमबी मॉडेलला, हाच डबा होता. त्याची बसवणूक मी या निमित्ताने जुन्या चित्रांत नीट पाहिली आणि त्या इंजिनिअरांना मनातल्या मनात नमस्कार केला. कार्ब्युरेटर इंजिनाच्या डाव्या बाजूला, पण क्लीनर मात्र उजव्या बाजूला, इंजिनामागच्या पत्र्यावर उंच. दोघांना जोडणारी नळी इंजिनाच्या डोक्यावरून आडवी गेलेली. का एवढा द्राविडी प्राणायाम? तर जागा तिथे होती, उंची तिथे होती, आणि पाण्यातून गाडी घातली तरी नाकात पाणी जायला वेळ लागतो. शिवाय एक बारीक गोष्ट. इंजिन रबरावर बसलेलं असतं, ते थरथरतं, गॅस दिला की एका अंगावर झुकतं. क्लीनर बॉडीवर पक्का बसवलेला. एक हलणारा, एक स्थिर, आणि मध्ये नळी. म्हणून त्या नळीच्या जोडाला रबरी तुकडा आणि आवळायच्या क्लिपा दिलेल्या. तो रबरी तुकडा नसता, तर नळीला तडा गेला असता किंवा जोड सुटला असता.

आपल्याकडे जीप याच घराण्यातून आली. युद्धानंतर मुंबईत महिंद्रांनी विलीज जीपची जुळणी सुरू केली, १९४०च्या दशकाच्या अखेरीस माझगावात, आणि मग पुढची कित्येक वर्षं तलाठ्यापासून कलेक्टरपर्यंत, पाटबंधाऱ्यापासून निवडणुकीपर्यंत सगळं जीपवर चाललं. त्यातलीच एक, सरकारी लिलावात निघालेली पेट्रोल जीप, माझ्या काकांनी करमाळा तालुक्यात वडापसाठी घेतली. साल १९८४. मी तेव्हा बारा वर्षांचा. पेट्रोल परवडेना, म्हणून काकांनी त्या काळी सर्रास होत असे तेच केलं, दुसऱ्या गाडीतलं डिझेल इंजिन तिच्यात बसवून घेतलं. बसवणारे मिस्त्री काकांचे शाळासोबती. त्याबद्दल पुढे येतोच.

युद्धाकडे परत जाऊ, कारण धुळीचा सर्वांत महागडा धडा तिथे मिळाला. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात आणि माल्टा बेटावर १९४२ साली ब्रिटिशांनी स्पिटफायर विमानं पाठवली. वाळूसाठी त्यांच्या नाकाखाली एक मोठा फिल्टर बसवला होता, व्होक्स कंपनीचा. फिल्टर वाळू अडवायचा, पण त्याचं बोजड थोबाड विमानाचा वेगही अडवायचं. मेसरश्मिटच्या पुढे पळताना ताशी काही मैल म्हणजे जीवन-मरणाचा हिशेब. मग इजिप्तमध्ये अबुकीर इथल्या हवाईदलाच्या दुरुस्ती केंद्रातल्या लोकांनी स्वतःच एक लहान, सुबक फिल्टर तयार केला. तो 'अबुकीर फिल्टर' म्हणूनच ओळखला जातो. मूळ इंजिन तेच, विमान तेच. फक्त नाक नीट बसवलं आणि विमानाला हरवलेला वेग बराचसा परत मिळाला.

त्याच वर्षी रशियाने आपला प्रसिद्ध टी-३४ रणगाडा अमेरिकेला अभ्यासासाठी दिला. मेरीलँडमधल्या अबर्डीनच्या चाचणी मैदानावर तो चालवला. जगाला हेवा वाटावा असा रणगाडा, उत्तम डिझेल इंजिन, आणि सुमारे साडेतीनशे किलोमीटरमध्ये ते इंजिन कायमचं बसलं. कारण? एअर क्लीनर निकृष्ट. धूळ थेट आत जात होती. साडेतीनशे किलोमीटर म्हणजे मुंबईहून निघून सोलापूरसुद्धा आलं नसतं.

इंजिन बदलण्याचा खरा छंद मात्र शांततेतला, आणि तो पक्का अमेरिकन. १९३२ साली फोर्डने सामान्य माणसाला परवडणाऱ्या गाडीत व्ही-८ इंजिन घातलं. काही वर्षांत अपघातात मोडलेल्या गाड्यांमधली ही इंजिनं भंगारात स्वस्त मिळू लागली आणि कॅलिफोर्नियाची तरुण पोरं ती जुन्या, हलक्या गाड्यांत बसवू लागली. म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट तळावर शर्यती लागत. वजन कमी करायचं म्हणून बॉनेट काढून टाकायचं, मडगार्ड काढायचे, आणि हवा मोकळी मिळावी म्हणून फिल्टरही काढायचा. तळ्याचा तळ म्हणजे पिठासारखी माती! पण शर्यत दोन मिनिटांची. इंजिन दर महिन्याला उघडायची हौसच होती. १९५५ साली शेवर्लेचं लहान व्ही-८ आलं, आणि मग ते अमेरिकेतल्या जवळपास प्रत्येक जातीच्या गाडीत कोणी ना कोणी बसवून पाहिलं. आमचं व्ही-६ म्हणजे त्याच व्ही-८ घराण्यातलं, दोन सिलिंडर कमी केलेलं.

जीपही यातून सुटली नाही. तिचं मूळ इंजिन दमाने चालणारं, म्हणून लोक तिच्यात मोठी इंजिनं घालत. १९६०च्या दशकाच्या मध्यात जीपच्या तेव्हाच्या मालकांनी, कायझर कंपनीने, ब्युइकचं व्ही-६ इंजिन सीजे-५मध्ये कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली. पण कारखान्याने इंजिन बदललं तेव्हा त्याबरोबर एअर क्लीनर, नळी, कंस सगळं नव्याने आखलं. गॅरेजमध्ये बदलणाऱ्यांकडे तेवढा धीर नसतो. इंजिन बसवण्याचे कंस विकत मिळतात, गिअरबॉक्स जोडायची प्लेट मिळते, रेडिएटर मिळतो. नाक मात्र 'जमेल तसं'. शर्यतीतली उघडी तोंडं पाहून वाढलेल्या पिढीला चकचकीत क्रोमची झाकणंच शोभेची वाटली.

दरम्यान फिल्टरचं विज्ञान बरंच पुढे गेलं होतं. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकन गाड्यांत तेलाच्या डब्याची जागा घड्या घातलेल्या कागदाने घेतली. हा कागद राळेत भिजवून कडक केलेला. घड्यांमुळे थोड्या जागेत भरपूर क्षेत्रफळ मावतं, आणि तो मंद इंजिनावरही तितकाच चोख राहतो. त्याचं एक गमतीदार वैशिष्ट्य म्हणजे थोडा मळलेला कागद कोऱ्या कागदापेक्षा चांगलं गाळतो, कारण साचलेली धूळच नव्या धुळीला अडवते. तेव्हा दर महिन्याला फिल्टर काढून भिंतीवर आपटणाऱ्या सर्व मंडळींना हात जोडून विनंती: नका आपटू. काढताना-घालताना जी धूळ स्वच्छ बाजूला सांडते, ती कधीकधी महिन्याभरात कागदातून निसटणाऱ्या धुळीपेक्षा जास्त असते.

आता फिल्टर चांगला की वाईट हे ठरवायचं कसं? सगळ्यांची धूळ वेगळी. कोणी टेक्ससची वापरतोय, कोणी कारखान्यामागची. म्हणून एक प्रमाण धूळ ठरवावी लागली, आणि ती कुठली असावी? आमच्या ॲरिझोनाची! इथल्या सॉल्ट रिव्हर खोऱ्यातली माती. जनरल मोटर्सचा एसी स्पार्क प्लग विभाग ती चाळून, वर्गवारी करून १९९२पर्यंत पुरवत होता. पुढे १९९७ साली आयएसओ १२१०३ या मानकात 'ॲरिझोना धुळी'चे ए-१ ते ए-४ असे चार प्रकार ठरले, अतिबारीक ते जाड. आज आयएसओच्या पद्धतीने जगात कुठेही, अगदी चाकणच्या कारखान्यात जरी, इंजिनाचा एअर फिल्टर तपासला, तरी त्यावर उधळायची ती ही ॲरिझोना धूळच. मी मेसा शहरात राहतो, म्हणजे बरोबर त्याच खोऱ्यात. माझ्या अंगणात आयएसओ प्रमाणित धूळ फुकट पडते. ५ जुलै २०११च्या संध्याकाळी तर पाच हजार फूट उंच धुळीची भिंत चालत आमच्या गावावर आली होती. या धुळीच्या वादळांना इथे 'हबूब' म्हणतात, मूळचा अरबी शब्द. दुसऱ्या दिवशी झाडून जे निघालं ते पाहून मी सौ.ला म्हणालो होतो, "लाखाचा माल आहे."

तर अशा ठिकाणी मी चपटा चकचकीत फिल्टर आणू म्हणत होतो. आता शेजारीबुवांची नजर समजली ना?

पुढचे शनिवार असे गेले. पहिला जागा शोधण्यात. इंजिनाच्या डोक्यावर फिल्टर ठेवला तर तो रेडिएटरमागची तापलेली हवा ओढणार. ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात बाहेर ४५ अंश आणि बॉनेटखाली ८० असेल, तर आतली हवा दहा टक्क्यांनी विरळ. म्हणजे एवढं मोठं इंजिन घालायचं आणि त्याचा दहावा हिस्सा उष्णतेला दान करायचा. चाकाच्या मागे जागा होती, पण तिथे धूळ आणि पाणी. शेवटी उजव्या मडगार्डच्या आतल्या बाजूला, उंच, मागच्या पत्र्याजवळ जागा मिळाली. १९४१च्या जीपमध्ये साधारण याच बाजूला क्लीनर होता हे माझ्या नंतर लक्षात आलं.

दुसरा शनिवार डब्याचा. शेजारीबुवांनी लहान ट्रकचा लोखंडी डबा निवडला. त्यात हवा तिरकी शिरते, गोल फिरते आणि जड धूळ कडेला फेकली जाऊन खालच्या रबरी तोंडातून गळून पडते. कागदापर्यंत जाते ती उरलेली. आणि कागदाच्या आत आणखी एक लहान फिल्टर, बाहेरचा बदलताना चुकून काही सांडलं तर अडवायला. कंस जाड पट्टीचा केला. भरलेला डबा खड्ड्यांवरून लोंबकळून पातळ पत्रा फाडतो, म्हणून पत्र्यामागे दुसरी पट्टी लावली.

तिसरा शनिवार नळीचा. इंजिनाच्या तोंडावर एक बसकी टोपी बसवली, तिच्यातून आडवी ॲल्युमिनियमची नळी डब्यापर्यंत नेली. नळी शक्य तितकी रुंद, वळणं शक्य तितकी कमी. (ज्यांच्या नव्या इंजिनात हवा मोजणारा सेन्सर असतो, त्यांना आणखी एक पथ्य: सेन्सरच्या आधी नळी सरळ हवी आणि तिचा व्यास मूळचाच हवा, नाहीतर कॉम्प्युटरला हवेचं माप चुकीचं कळतं. आमचं इंजिन त्या आधीचं, सुटलो.) आणि इंजिन व डबा यांच्यामध्ये फुगीर कमरेचा रबरी होज, दोन्ही टोकांना रुंद क्लिपा. जीप उभी करून ब्रेक दाबून गॅस दिला, तेव्हा इंजिन जवळजवळ बोटभर झुकलं. होज वाकला, नळी जागची हलली नाही.

इंजिनाच्या पोटातून येणारी श्वासनळी, म्हणजे ब्रीदर, तीही फिल्टरच्या स्वच्छ बाजूला जोडावी लागते. तेलाच्या मापपट्टीचं भोकसुद्धा घट्ट हवं. फिल्टरच्या पुढे एकही उघडं छिद्र चालत नाही, कारण आत ओढ असते आणि हवा आळशी असते. कागदातून जाण्यापेक्षा फटीतून जाणं तिला सोपं.

सगळं झाल्यावर शेजारीबुवांनी नळीच्या आत बोटाने ग्रीसचा पातळ हात फिरवला आणि मला चार दिवस कच्च्या रस्त्याने जीप फिरवून आणायला सांगितलं. परत आल्यावर होज काढला आणि रुमालाने आतून पुसलं. रुमालावर जोडापासून निघालेली एक बारीक मातकट रेघ होती. क्लिप तिरकी बसली होती. "या रेघेनेच इंजिनं मरतात," ते म्हणाले. "फिल्टर कितीही भारी असो."

ती रेघ पाहिली आणि मला करमाळा दिसलं.

काकांच्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवलं तेव्हा जुन्या क्लीनरची जागा इंजिनाने खाल्ली. मिस्त्रींनी क्लीनर पुढे, मडगार्डवर हलवला. नळी वीतभर कमी पडली. मिस्त्री म्हणाले, "सायकलची ट्यूब आण रे." मी पळत घरी गेलो, माझ्याच सायकलची जुनी ट्यूब कापून आणली. त्यांनी ती जोडावर चढवली आणि बाईंडिंग वायरने आवळली. होज तालुक्याला मिळाला की बदलू, असं ठरलं होतं. मला तो जोड म्हणजे केवढा अभिमान! वर्गात सांगत फिरलो.

डिझेल इंजिनाला हवेचा पडदा नसतो. पेट्रोलचं इंजिन मंद चालताना कमी हवा घेतं, डिझेलचं दर फेरीला पोटभर घेतं. म्हणजे जुन्या इंजिनापेक्षा कितीतरी जास्त हवा, करमाळ्याच्या रस्त्यावरची, त्या ट्यूबमधून. आणि सायकलची ट्यूब इंजिनाच्या उष्णतेत काही आठवड्यांत कडक होऊन तडकते. तार तिला कापते. आठ महिन्यांत जीप निळा धूर मारू लागली. इंजिन उघडलं तर रिंगा गेलेल्या, बोअर झिजलेलं. काकांनी चारचौघांत मिस्त्रींवर आरोप केला, की झिजलेलं इंजिन गळ्यात मारलं. मिस्त्रींनी आईची शपथ घेतली. दोघांचं बोलणं बंद झालं ते झालंच. जीप विकली गेली, कर्ज काही वर्षं राहिलं. मिस्त्री २००९ साली वारले तेव्हा काका अंत्यविधीला गेले नाहीत.

त्या रविवारी मी काकांना फोन लावला. आता पंच्याऐंशीचे आहेत, कान तिखट. मी उत्साहाने सगळं सांगितलं, डोनाल्डसन, रणगाडा, रुमालावरची रेघ. म्हटलं, "काका, इंजिन वाईट नव्हतंच. जोडातून धूळ जात होती."

पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटलं लाइन गेली.

"ते मला तवाच कळलं व्हतं," काका म्हणाले. "जीप ज्यानं घेतली, त्यानं माझ्यासमोर ती ट्यूब काढून उलटी केली. चिमूटभर माती पडली बघ. तळहातावर घेऊन दाखवली त्यानं."

"मग मिस्त्रींना सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं? तोवर चार गावांत बोलून बसलो व्हतो. एकदा स्टँडवर दिसला. मी हिकडनं गेलो, तो तिकडनं गेला." मग थांबून म्हणाले, "आन् ट्यूब तू आणलेली. पोराचं नाव कशाला काढायचं, म्हणून पण ऱ्हायलं."

मंडळी, मी इंजिनिअर आहे. मला माहीत आहे, की बारा वर्षांच्या पोराने आणलेली ट्यूब हे कारण नाही. कारण आहे होज न बदलणं, क्लिपेऐवजी तार, खाली बसवलेला क्लीनर, आठ महिन्यांत एकदाही जोड उघडून न पाहणं. अहवाल लिहायला सांगितला तर मी एवढंच लिहीन. पण फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गॅरेजमध्ये तसाच बसून होतो.

मिस्त्रींचा मुलगा आता टेंभुर्णीला गॅरेज चालवतो असं काकांनीच सांगितलं. नंबर मागितला आहे. काय बोलायचं ते अजून जुळत नाही, पण यंदा दिवाळीत येईन तेव्हा जाणार आहे.

असो. जीपची क्लिप सरळ केली, पुन्हा ग्रीस लावलं, पुन्हा चार दिवस फिरवली. या वेळी रुमाल स्वच्छ निघाला. बॉनेट लागलं. नारळ मात्र एवढ्या दिवसांत आतून सुकला होता. सौ. म्हणाली, "चालेल, खोबरं तर खोबरं." शेजारीबुवांनी अर्धी वाटी घरी नेली.